बिनक्लचच्या गाडीचा आजार

आई मागच्या सीटवर मांडीवर भरलेली कळशी घेऊन बसली होती. कळशी म्हणजे मंजिरी. असं बाबांनी ठरवलं होतं, आणि बाबांनी एकदा ठरवलं की कळशीनंसुद्धा ते मान्य करायचं अशी आमच्या घरची रीत होती.

“काठोकाठ भर,” निघताना त्यांनी आईला बजावलं होतं. “अर्धी कळशी कशीही नेली तरी सांडत नाही. प्रयोग करायचा तर नीट करायचा.”

गाडी पेठेतून बाहेर पडली, मारुतीचं देऊळ आलं आणि मागे गेलं, आणि तेवढ्यात कुणी शेपूट धरून ओढावं तसा गाडीनं हिसका दिला. आई पुढे गेली, कळशी मागे आली आणि तांब्याभर पाणी आईच्या निऱ्यांमधून खाली उतरलं. आईनं कळशी सरळ केली. बाबांनी आरशात बघून किती सांडलं ते विचारलं.

“मंजिरी भिजली,” आई म्हणाली.

ही गोष्ट पंधरा-सोळा वर्षांपूर्वीची. मंजिरी माझी थोरली बहीण. त्या वेळी ती बाळंतपणासाठी माहेरी आली होती, आणि घरात हसण्यावारी न्यायची नाही अशी ही एकच गोष्ट होती. आधीच्या दोन्ही खेपेला तिचं मूल पोटातच गेलं होतं. पहिल्या वेळी सासरकडून दवाखान्यात नेताना उसाच्या फडातल्या रस्त्यावर जीप एका चरात आपटली होती. डॉक्टरीणबाईंनी परोपरीनं सांगितलं, की मूल त्या आपटण्यानं गेलं नाही, ते आधीच गेलेलं होतं. मंजिरीला ते पटायचं, ती मान डोलवायची, आणि रात्री झोपेत तिला तोच धक्का बसायचा.

या खेपेला सांगलीच्या डॉक्टरीणबाईंनी स्पष्ट सांगितलं होतं. बाळंतपण गावात करायचं नाही, दिवस भरत आले की सरळ सांगलीला आणून ठेवायचं. सांगली आमच्यापासून तासाभरावर. पण मंजिरी गाडीत बसायलाच तयार नव्हती. जीप नको, रिक्षा नको, अँब्युलन्सचं तर नाव नको. काय व्हायचं ते इथंच होऊ दे, म्हणायची. गावात रक्त मिळायची सोय नव्हती, रात्रीबेरात्री डॉक्टर नव्हता. इथंच होऊ दे याचा अर्थ आम्हा सगळ्यांना कळत होता, म्हणून त्यावर कुणी बोलत नव्हतं.

बाबांनी यावर एक गाडी विकत आणली.

बाबा म्हणजे हायस्कूलचे निकम सर. विज्ञान शिकवून निवृत्त झालेले, आणि गावातले एकमेव जाहीर नास्तिक. नागपंचमीला नाग दूध का पीत नाही यावर ते पारावर भाषण द्यायचे, आणि त्याच दिवशी घरी येऊन आईनं केलेली दिंडं मात्र बिनतक्रार खायचे. आईचा देव्हारा स्वयंपाकघरात पिठाच्या डब्यामागे होता. बाजारातून येताना आईच्या दोन्ही हातांत पिशव्या असल्या की ती देवळासमोर पाय क्षणभर चपलेतून बाहेर काढायची. आमच्याकडच्या बायका असंच करतात. डोक्यावर पाटी, कडेवर पोर, हात कुठून जोडणार? मग पाय तरी चपलेतून काढायचा, देव समजून घेतो. बाबा हसायचे. “देवाला तुझ्या चपलेचा वास येतो होय?” असं दर बाजाराच्या दिवशी विचारायचे.

तर गाडी. कोल्हापूरच्या कुणा डोळ्यांच्या डॉक्टरांची होती, त्यांचा डावा गुडघा गेल्यामुळे त्यांनी कधीकाळी ऑटोमॅटिक घेतलेली. वांग्याचा रंग, आत उदबत्तीचा जुनाट वास. आमच्या गावात तोवर कुणी बिनक्लचची गाडी पाहिली नव्हती. बाबांनी ओट्यावर मंजिरीसमोर उभं राहून तिचं शास्त्र समजावलं. धक्का बसतो तो माणूस गिअर बदलताना चुकतो म्हणून. इथे गिअर गाडी स्वतः बदलते. माणूस वजा, म्हणजे चूक वजा, म्हणजे धक्का वजा. मंजिरी पहिल्यांदाच जरा हसली आणि म्हणाली, बाबा चालवणार असतील तर बसेन.

गाडीची पूजा झाली नाही हे सांगायला नको. नारळ नाही, लिंबू नाही, चाकाखाली काही नाही. शेजारचे, पतपेढीची पिग्मी गोळा करणारे कुंभोजकर म्हणाले, सर, निदान हळदकुंकू तरी. बाबा म्हणाले, इंजिनला कपाळ नसतं.

पहिले काही दिवस गाडी लोण्यासारखी चालली. मग एका आठवड्यात मंजिरीचं ब्लडप्रेशर वाढल्याचं निघालं, पाय सुजले, आणि योगायोगानं त्याच आठवड्यात गाडीनं हिसके द्यायला सुरुवात केली. आधी एखाद-दुसरा. मग रोज वाढत गेले. सांगलीच्या रस्त्याला लागलं की धड कोसभर सरळ चालायची नाही. आधी आवाज चढायचा, मग खाडकन गिअर पडायचा, आणि माणसाची मान कोंबडीसारखी पुढे जाऊन मागे यायची.

कळशी न सांडता परत येईपर्यंत मंजिरी गाडीत बसणार नव्हती, म्हणून हा प्रयोग रोज व्हायचा आणि संध्याकाळी ती ओट्यावर बसून आमची वाट बघायची. गाडी आली की ती गाडीकडे बघत नसे, आईच्या लुगड्याकडे बघायची. ओलं दिसलं की उठून आत जायची. आईनं एकदा वाटेतच दुसरं लुगडं नेसून यायचा बेत केला होता, पण बाबांनी तो खोटा निकाल म्हणून फेटाळला.

गाडी इलाही मुजावरच्या गॅरेजात गेली. इलाही बाबांचा विद्यार्थी. माणूस हुशार, पण बाबा समोर आले की त्याचा हात आपोआप कानाकडे जायचा. त्यानं आधी गिअरबॉक्सचं तेल बघितलं. बोटावर घेतलं, हुंगलं, उन्हात धरलं.

“तेल लालभडक हाय, सर. जळल्याचा वास बी न्हाई.”

तरी तेल बदललं. मग इंजिन ज्या रबरांवर बसतं ती रबरं बदलली. मग अॅक्सिलेटरपासून गिअरबॉक्सला जाणारी तार आवळली, सैल केली, पुन्हा आवळली. डिकी उघडली तेव्हा स्टेपनीवर कुंकवाचा टिळा आणि चार अक्षता निघाल्या. बाबांनी आईकडे पाहिलं. आई आभाळाकडे बघत होती. बाबा म्हणाले, सापडलं कारण. पण टिळा त्यांनी पुसला नाही, हे मी त्या वेळी पाहिलं आणि विसरूनही गेलो.

खरी पंचाईत पुढेच होती. इलाहीनं गाडी चालवली की ती शहाण्यासारखी चालायची. मी चालवली तरी तेच. बाबा बसले की हिसके. मग मीच नेतो मंजिरीला, असं मी सुचवून पाहिलं, पण मी नुकताच गाडी डेअरीच्या भिंतीला घासून आलो होतो. मंजिरी म्हणाली, तुझ्यापेक्षा जीप परवडली. आणि बाबांना तुमच्या चालवण्यात खोट आहे असं सांगणार कोण? इलाहीनं बरंच डोकं खाजवून मला बाजूला घेऊन सांगितलं, की गाडीला सरांची भीती वाटत असावी. मलापण वाटायची, असंही तो म्हणाला.

गावात तर दुसरीच चर्चा होती. पूजा केली नाही, देवानं हिसका दाखवला. कुंभोजकर हे स्वतः म्हणत नव्हते, लोक म्हणतात असं म्हणत होते. बाबा ते ऐकून घ्यायचे आणि दुसऱ्या दिवशी आणखी ताठ बसून गाडी काढायचे. हिसके आणखी वाढायचे.

दिवस जवळ आले तसं इलाहीनं शेवटचा उपाय काढला. गिअरबॉक्स चालू गाडीत कान लावून ऐकायचा. पुढची डावीकडची सीट त्यानं बोल्ट काढून उतरवली आणि त्या रिकाम्या जागेत मला बसवलं. बसवलं म्हणजे घडी घालून ठेवलं. गुडघे कानाशी, डोकं गिअरच्या दांड्याखाली. हातात लांब पेचकस, त्याचं टोक पत्र्याला टेकवायचं आणि मूठ कानाला. डॉक्टर छाती तपासतात तसं. इलाही मागे आईशेजारी बसणार, कळशीवर लक्ष ठेवणार. हिसका बसला की आवाज कुठून आला ते मी ओरडून सांगायचं.

त्या जागेवरून मला बाहेरचं काही म्हणजे काही दिसत नव्हतं. काच माझ्या डोक्याच्या फूटभर वर होती. मला दिसत होते फक्त बाबांचे पाय. करकरीत कोल्हापुरी चपला, उजवा पाय अॅक्सिलेटरवर, डावा पाय बेकार, बाजूला ठेवलेला.

गाडी पेठेतून बाहेर पडली. गिअरबॉक्स मांजरासारखा गुरगुरत होता. मग माझ्यासमोर बाबांचा उजवा पाय अलगद वर उठला, चपलेतून बाहेर आला आणि तसाच अधांतरी थांबला. चप्पल अॅक्सिलेटरवर एकटीच राहिली. गाडीचा आवाज उतरला. तिला वाटलं असणार, मालकाची घाई संपली, म्हणून तिनं वरचा गिअर टाकला. एवढ्यात पाय परत खाली आला, चपलेचा अंगठा शोधायला लागला. तो सापडेना. कोल्हापुरी चपलेचा अंगठा न बघता सापडत नाहीच. पाय रेटला, चप्पल रेटली गेली, अॅक्सिलेटर तळाला गेला, गाडी दचकली, वरचा गिअर सोडून खालच्यात कोसळली आणि मागे पाणी सांडलं.

“कुठनं आला आवाज?” इलाहीनं विचारलं.

 मला वाटलं, चप्पल सैल झाली असेल. मी उलट विचारलं, आपण आलो कुठे?

“मारुती झाला,” आई मागून म्हणाली.

थोड्या वेळानं पाय पुन्हा उठला. पुन्हा अधांतरी, पुन्हा अंगठ्याची शोधाशोध, पुन्हा हिसका. कुठे आलो, मी विचारलं. “म्हसोबा,” आई म्हणाली. त्यानंतर लक्ष्मीचं देऊळ. त्यानंतर बांधावरचा एक शेंदूर फासलेला दगड, ज्याचं नाव आईलाही माहीत नव्हतं. त्यानंतर ओढ्याकाठचा पीर, ज्याचे मुजावर म्हणजे इलाहीचे चुलते.

मी मान वाकडी करून वर पाहिलं. बाबांचे दोन्ही हात स्टीअरिंगवर घट्ट होते. नजर रस्त्यावर, चेहरा परीक्षेत पर्यवेक्षणाला बसल्यासारखा. त्यांच्याकडे वरून बघणाऱ्याला, शेजारी बसणाऱ्याला, अगदी आरशातून बघणाऱ्यालाही काही कळलं नसतं. आयुष्यभर पारावर भाषणं दिलेल्या माणसाला बायकोमुलासमोर हात जोडता येत नाहीत. पण पाय कुणाला दिसत नाहीत. मंजिरीचं ब्लडप्रेशर वाढलं त्या आठवड्यापासून माझे वडील सांगलीच्या रस्त्यावरच्या प्रत्येक देवाच्या पाया पडत चालले होते, आणि जसजशी त्यांची काळजी वाढली तसतसे ते देव वाढवत गेले होते. बिघाड वाढत होता तो असा. मला रडू येत होतं आणि त्याच वेळी हसू पण येत होतं, आणि घडी घातलेल्या माणसाला दोन्ही एकदम करणं फार अवघड जातं.

गॅरेजात परत आल्यावर मी इलाहीला चहाच्या टपरीवर नेलं आणि सगळं सांगितलं. त्याचा कप हातातच राहिला.

“पिराला पण?” त्यानं विचारलं.

“पिराला पण.”

इलाहीनं कप तसाच खाली ठेवला. मग म्हणाला, हे सरांना सांगायचं न्हाई. मी म्हटलं, सांगायचं नाहीच. पण मंजिरीला न्यायचं तर आहे. देवाचं थांबवता येत नव्हतं, तेव्हा चपलेचं थांबवायला हवं होतं. ज्याच्या पायात चप्पलच नाही त्यानं काढायचं काय?

मग आम्ही दोघं बाबांसमोर जाऊन उभे राहिलो. इलाहीचा हात कानाकडे निघाला होता, तो त्यानं कसाबसा खिशात घातला.

“सर, आजार सापडला. ही गाडी अनवाणी चालवायला पायजे.”

“कारण?” बाबांनी विचारलं.

कारण आम्ही ठरवलंच नव्हतं. इलाहीनं माझ्याकडे पाहिलं, मी पेचकसाकडे. शेवटी तो पुटपुटला, की चपलेच्या कातड्यामुळं पेडलला वीज... आणि तिथेच अडकला.

बाबांनी चष्मा काढला, पुसला, पुन्हा लावला. मग त्यांनी आम्हाला घर्षणानं निर्माण होणारी स्थिर विद्युत, कातडं, धातू, कोरडी हवा आणि मानवी शरीर यांबद्दल तपशीलवार समजावून सांगितलं. इलाही वर्गात बसल्यासारखा मान डोलवत होता. समजावून झाल्यावर बाबांनी मला जवळ बोलावलं.

“तू खाली बसला होतास. काही दिसलं का?”

“दिसणार काय, बाबा? मी कान लावून बसलो होतो.”

ते माझ्याकडे बघत राहिले. मग म्हणाले, बरोबर आहे, ऐकायचंच काम होतं.

दुसऱ्या दिवशीच्या प्रयोगाला बाबा अनवाणी बसले. आई कळशी घेऊन गेली आणि कोरडी परत आली. मंजिरी ओट्यावरून उठली, पायऱ्या उतरून खाली आली, आईचा पदर हातात धरून पाहिला, निऱ्या चाचपल्या, आणि तिथेच उभी राहून रडली. मग म्हणाली, कधी निघायचं?

निघालो त्या दिवशी तिनं आईला कळशी घ्यायला लावली. भरलेली, काठोकाठ, तिला दिसेल अशी. सगळ्या वाटेत मंजिरी त्या पाण्याकडेच बघत होती. मी पुढे, परत बसवलेल्या सीटवर बसलो होतो, बाबांच्या पायाकडे बघत. मारुती आला, अनवाणी पाय अॅक्सिलेटरवर तसाच राहिला. म्हसोबा आला, लक्ष्मी आली, तो बिननावाचा दगड आला. पाय हलला नाही. नुसती बोटं जरा आखडायची आणि मोकळी व्हायची. पीर गेला तेव्हा मी मागे पाहिलं. कळशीतलं पाणी झोपलं होतं, आणि मंजिरीही.

दवाखान्यात बाबा अनवाणीच आत आले. चपला गाडीतच राहिल्या. फरशी गार होती, नर्सनं दोनदा हटकलं, बाबा म्हणाले, पायाला मोकळं बरं वाटतं. ज्या दिवशी मंजिरीला आत नेलं त्या दिवशीही ते तसेच कॉरिडॉरमध्ये फेऱ्या घालत होते. आई बाकावर डोळे मिटून बसली होती. डॉक्टरीणबाई बाहेर आल्या आणि म्हणाल्या, मुलगी झाली, दोघी ठणठणीत आहेत. बाबा “हं” म्हणाले, भिंतीला टेकले आणि भिंतीवरूनच सावकाश खाली बसले.

संध्याकाळी सासरहून दाजी आले, मंजिरीजवळ थांबले. आम्ही तिघं डिंकाचे लाडू आणि बाळंतिणीचं सामान आणायला गावाकडे निघालो. बाबा दार उघडून अनवाणी पाय आत टाकणार एवढ्यात आईनं त्यांना थांबवलं. तिनं सीटखालच्या कोल्हापुरी चपला काढल्या, पदरानं पुसल्या आणि त्यांच्यासमोर जोडीनं ठेवल्या.

“घाला.”

“गाडी परत हिसके देईल,” बाबा म्हणाले.

“देऊ दे. आता मंजिरी नाही तिच्यात.”

बाबांनी माझ्याकडे पाहिलं. मी डोक्यानंच नाही म्हटलं, म्हणजे मी कुणाला सांगितलं नव्हतं. मग ते आईकडे वळले.

“तुला कुणी सांगितलं?”

“कुणी कशाला सांगायला हवं? कळशी माझ्या मांडीवर होती,” आई म्हणाली. “कुठं कुठं भिजले ते मला कळणार नाही?”

बाबांनी चपला घातल्या. गाडी काढली. पिरापाशी गाडीनं हिसका दिला. बिननावाच्या दगडापाशी दिला, लक्ष्मीपाशी दिला, म्हसोबापाशी तर असा दिला की माझं कपाळ काचेवर आपटलं. बाबांचे हात स्टीअरिंगवर घट्टच होते, चेहरा पर्यवेक्षकाचाच होता, फक्त डोळ्यांतून पाणी वाहत होतं आणि ते पुसायला हात मोकळा नव्हता.

पेठेच्या तोंडाशी मारुतीचं देऊळ आलं. बाबांचा पाय चपलेतून वर निघाला आणि मी मागे वळून पाहिलं. आईनं डोळे मिटून हात जोडले होते. पाय त्यांचा आणि हात तिचे, असा तो एक नमस्कार पुरा झाला. मग चपलेचा अंगठा सापडेना, गाडीनं हिसका दिला आणि आम्ही घरी आलो.